आई-बाबांना घेऊन लॉख लोमंड: कुठला किनारा, कुठली बोट, किती वेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येतायत, दोघंही सत्तरीच्या आसपास, आईचे गुडघे दुखतात, बरोबर नवरा-बायको आणि आठवीतला मुलगा, मुक्काम स्कॉटलंडमध्ये ग्लासगोत, गाडी भाड्याने घ्यायची की नाही ते अजून ठरलेलं नाही, हातात एक पूर्ण दिवस आणि जमलाच तर आणखी अर्धा. लॉख नेस करावं की लॉख लोमंड (लॉख म्हणजे इथल्या भाषेत तळं), आणि तिथे गेल्यावर करायचं काय.

मी बरीच वर्षं इथे ड्रायव्हर-गाइडचं काम करतोय आणि माझ्या गाडीत सगळ्यात जास्त अशीच कुटुंबं असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. लोमंडला जा, आणि लोमंडचाही एकच किनारा धरा. पूर्ण तळं एका दिवसात "कव्हर" करायच्या नादात लोक काठावरची गावं पकडत सकाळी बॅलख, मग लस, मग टार्बेट, मग परत फिरून बालमहा असं करतात आणि सगळा दिवस गाडीच्या काचेतून पाणी बघण्यात जातो. एक किनारा, एक बोट, एक छोटी टेकडी किंवा बेट आणि मधे निवांत बसायला दोन तास, एवढं ठेवलंत तर आई-बाबांना ते तळं खरंच दिसेल.

लॉख नेसबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय म्हणून सांगतो. ग्लासगोहून एका बाजूला साडेतीन तास धरा, टूरच्या बसने गेलात तर थांबे धरून दिवस बारा तासांचा होतो आणि प्रत्यक्ष तळ्यावर मिळतात दीड-दोन तास. नेस कमी दर्जाचं आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, ते जवळपास 230 मीटर खोल आहे आणि इंग्लंड-वेल्समधल्या सगळ्या तळ्यांचं पाणी एकत्र केलं तरी या एकट्या तळ्यात त्याहून जास्त भरतं, पण ही खोली काठावर उभं राहून दिसत नाही ना. काठावरून दिसतो तो एक लांब सरळ गडद पट्टा आणि अर्कार्ट किल्ल्याचे पडके बुरूज. या तळ्यात राहतो म्हणतात त्या राक्षसाचा 1934 चा प्रसिद्ध फोटो बनावट होता हे आता सगळ्यांना माहीत आहे, मुलाला ती गोष्ट सांगायला मजा येईल, पण तेवढ्यासाठी सत्तरीतल्या माणसांना सात तास गाडीत बसवू नका. त्या रस्त्यावर बघण्यासारखं म्हणजे ग्लेनको ही डोंगरांमधली दरी, ती अफाट आहे. पुढच्या वेळी नेसजवळच्या इन्व्हर्नेस शहरात दोन रात्री मुक्काम ठेवून नेस आणि ग्लेनको दोन्ही नीट करा.

आता लोमंड. ग्रेट ब्रिटनमधलं क्षेत्रफळाने सगळ्यात मोठं तळं, साधारण 71 चौरस किलोमीटर, लांबी 36 किलोमीटरच्या आसपास. पण आकड्यांपेक्षा एक गोष्ट आधी समजून घ्या म्हणजे तिथे उभं राहिल्यावर काय बघायचं ते कळेल. या तळ्याचे दोन वेगळे भाग आहेत. दक्षिणेकडे ते पसरट आहे, काही ठिकाणी आठ किलोमीटरपर्यंत रुंद, उथळ, मधे झाडीची बेटं, काठाला गवताळ कुरणं आणि मेंढ्या. उत्तरेकडे तेच तळं किलोमीटर-दीड किलोमीटरचं अरुंद होतं, दोन्ही बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरतात आणि खोली 190 मीटरपर्यंत जाते. तळ्याची पातळी समुद्रसपाटीपासून जेमतेम 8 मीटर, म्हणजे उत्तरेकडचा तळ समुद्राच्या पातळीच्या कितीतरी खाली आहे, हिमनदीने तो तसा कोरून काढलाय. साधारण बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी इथे बर्फ परत वाढला होता, त्या थंड काळाला ब्रिटनमधले भूशास्त्रज्ञ याच तळ्याच्या नावाने ओळखतात.

आणि हे दोन भाग जिथे जुळतात तिथून जमिनीतली एक मोठी भेग जाते, हायलँड बाउंड्री फॉल्ट म्हणतात तिला, स्कॉटलंडच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत. एका बाजूला हायलँड म्हणजे डोंगराळ भाग, दुसऱ्या बाजूला लोलँड म्हणजे सखल भाग. ही भेग लोमंडमध्ये चक्क डोळ्यांनी दिसते, कारण इंचमरिन, क्रेइंच, टॉरिंच आणि इंचकाइलख ही चार बेटं बरोबर त्या रेषेवर एका ओळीत उभी आहेत आणि तीच ओळ पुढे पूर्व किनाऱ्यावर कॉनिक हिल या टेकडीच्या रूपाने जमिनीवर चढते. मी प्रत्येकाला पूर्व किनाऱ्याला, बालमहाला जा म्हणतो त्याचं कारण हेच. बाकी कुठल्याही गावातून सुंदर पाणी दिसेल, बालमहातून ते तसं का आहे हे दिसतं.

बालमहा म्हणजे काय तर एक छोटी खाडीसारखी जागा, होड्या बांधलेल्या, एक व्हिजिटर सेंटर, एक-दोन खायच्या जागा, गाड्यांचा तळ, बस. काठाने सपाट वाट आहे, तिथे टॉम विअर या गिर्यारोहक-लेखकाचा पुतळा आहे, लोकरीची टोपी घातलेला, इथल्या लोकांनी पैसे गोळा करून 2014 मध्ये उभारलेला, तो शेजारच्याच गार्टोखार्न गावात राहायचा आणि टीव्हीवरून लोकांना डोंगर चालायला शिकवायचा. आई या वाटेवर आरामात चालतील, बसायला बाकं आहेत.

तिथल्या होड्यांच्या धक्क्यावरून एक लहान लाकडी फेरी इंचकाइलख बेटावर जाते. पाचेक मिनिटांचा प्रवास. हे बेट माझ्या मते लोमंडमधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पूर्ण बेटावर ओकचं जंगल आहे, आणि ते आपोआप उगवलेलं रान नाही, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात या ओकची साल चामडं कमावायला लागायची म्हणून ही झाडं ठराविक वर्षांनी तोडून परत वाढवायचे. ते काम थांबल्यावर झाडं मोठी झाली. मे महिन्यात खाली सगळी जमीन ब्लूबेलच्या फुलांनी निळी असते, तुम्ही जूनमध्ये येताय म्हणजे ती बहुतेक संपलेली असतील, पण तेव्हा नेचे कमरेएवढे वाढलेले असतात आणि खोडांवरचं शेवाळ हाताला गार आणि ओलं लागतं. बेटावर सेंट केंटिगर्ना या संत स्त्रीच्या नावाच्या चर्चचे अवशेष आहेत आणि एक जुनी दफनभूमी, मॅकग्रेगर घराण्यातल्या लोकांची थडगी तिथे आहेत, 1947 पर्यंत तिथे दफनं होत होती, शवपेटी होडीतून न्यायचे.

वर चढून गेलं की साधारण 85 मीटरचा माथा आहे. तिथून दक्षिणेकडे पसरट पाणी आणि बेटांची ओळ, उत्तरेकडे बेन लोमंड डोंगर आणि अरुंद होत जाणारं तळं, दोन्ही एकाच जागेवरून. वाटेत कातळ नीट बघा, मुलाला तर नक्की दाखवा. त्या खडकात मुठीएवढे गोल गुळगुळीत गोटे रुतलेले आहेत, बोट फिरवलं तर प्रत्येक गोटा वेगळा जाणवतो, काही तर सुटून पडलेले असतात आणि त्यांची गोल खळगी खडकात तशीच राहिलेली असते. हे नदीने वाहून आणलेले गोटे आहेत, चाळीस कोटी वर्षांच्या आसपास जुने, नंतर दाबाने त्यांचा दगड झाला आणि भेगेच्या हालचालीत तो उभा राहिला. आठवीच्या भूगोलात जे पाठ करतात ते इथे हाताला लागतं.

पण आईंच्या गुडघ्यांचं सांगायचं तर उत्तरेकडच्या धक्क्यावर उतरलं की लगेच चढाच्या पायऱ्या आहेत. दक्षिणेला पोर्ट बॉन म्हणून छोटी वाळूची जागा आहे, तिथे टेबलं आहेत, तिथे बोट लावतात का हे तिकीट काढतानाच विचारा, लावत असतील तर आई-बाबा तिथेच काठावर बसू शकतात, डबा खाऊ शकतात आणि तुम्ही तिघं माथ्यावर जाऊन या. बेटावर दुकान नाही, पाणी, खाणं सोबत न्या, कचरा परत आणा, आणि परतीची शेवटची बोट किती वाजता हे नावाड्याला विचारूनच उतरा. वारा जास्त असेल तर फेरी बंद असते, सकाळी फोन करून घ्या.

आईला गाडीत किंवा कॅफेत बसवून बाकीचे चार तास डोंगरावर, असं मी बऱ्याचदा बघितलंय आणि मला ते बघवत नाही. त्यांच्यासाठीच तर निघालात. त्यामुळे दिवसातली मोठी गोष्ट सगळ्यांनी मिळून करायची असू द्या, म्हणजे बोट. मुलाला चढायचंच असेल तर कॉनिक हिल आहे, साधारण 360 मीटर, बालमहाच्या पार्किंगमधूनच वाट निघते, जाऊन-येऊन दोन-अडीच तास, एका मोठ्या माणसाने त्याला घेऊन जावं आणि बाकीच्यांनी तेवढा वेळ काठावर काढावा, एवढं चालतं.

बेन लोमंडचा विचार या ट्रिपमध्ये करू नका. उंची 974 मीटर ऐकून आपल्याकडचे ट्रेकर म्हणतात की कळसूबाई 1646 आहे, हे काय. पण त्याचा रोवार्डेनन गावातला पायथा जवळजवळ पाण्याच्या पातळीला आहे, म्हणजे सगळीच्या सगळी उंची पायांनी चढायची असते, पाच तास सहज जातात, आणि जूनमध्येसुद्धा वर धुकं येऊन दहा पावलांवरचं दिसेनासं होतं. स्वतंत्र दिवस, चांगले बूट आणि आदल्या रात्री डोंगराचा वेगळा हवामान अंदाज बघून करायची गोष्ट आहे ती.

गाडी घ्यायची की नाही? बालमहा करायचं तर गाडीने सोपं पडतं. आपलं इंग्रजीत छापलेलं लायसन्स इथे पाहुण्यांना बारा महिने चालतं, गाडी डाव्याच बाजूने चालवायची असते, तेवढं आपल्याला सोयीचं. ग्लासगोहून ड्रिमेन गावामार्गे बालमहा तासाभराच्या आत. पण जूनमधल्या उन्हाच्या शनिवार-रविवारी तिथलं पार्किंग दहा-साडेदहालाच भरतं, आणि बालमहाच्या पुढचा रस्ता रोवार्डेननला जाऊन संपतो, म्हणजे पुढे जागा नाही मिळाली तर त्याच अरुंद रस्त्याने परत. म्हणून शक्यतो आठवड्याच्या मधला वार धरा आणि नऊ-साडेनऊला पोचा. अरुंद रस्त्यांवर मधे मधे समोरच्याला वाट द्यायला रुंद जागा केलेल्या असतात, तिथे फोटोसाठी गाडी लावून उतरायचं नाही, कितीही छान दिसत असलं तरी. मागे अँब्युलन्स असू शकते, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर असू शकतो. कोणी वाट दिली तर हात वर करून आभार मानतात, तुम्हीही करा.

गाडी नसेल तर ग्लासगो क्वीन स्ट्रीटच्या खालच्या प्लॅटफॉर्मवरून बॅलखची लोकल मिळते, साधारण अर्ध्या तासाला एक, पन्नासेक मिनिटांत थेट तळ्याच्या दक्षिण टोकाला. या गाडीत बाबांना एक गोष्ट सांगा. वाटेत डम्बार्टन लागतं, क्लाइड नदीच्या काठाला जुना किल्ला असलेला कातळ आहे ते गाव. शेवटच्या बाजीरावाच्या काळात पुण्याला इंग्रजांचा रेसिडेंट असलेला आणि नंतर 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, तो जन्माने या डम्बार्टनचा, 1779 चा. पुण्याच्या माणसाला हे स्टेशन येताना माहीत असलेलं बरं. लोमंडचं पाणी लेव्हन नदीतून वाहत याच गावाशी क्लाइडला मिळतं.

बॅलखला उतरल्यावर लोक सगळे उजव्या-डाव्या दुकानांकडे आणि मत्स्यालयाकडे जातात. मला विचाराल तर तिथे वेळ घालवू नका. त्याऐवजी बॅलख कॅसल पार्क आहे, हिरवळीचा मोठा उतार थेट पाण्यापर्यंत जातो, मोठी जुनी झाडं, भरपूर बाकं, आई-बाबांना चादर टाकून बसायला याहून चांगली जागा नाही. स्टेशनजवळच नदीतून क्रूझच्या बोटी सुटतात, तास-दोन तासांच्या, दक्षिणेकडच्या बेटांमधून फिरवून आणतात, आत काचेआड बसायची सोय असते, चढ-उतार फारसा नाही. धक्क्याला मेड ऑफ द लॉख ही 1953 ची, बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी कापत चालणारी पॅडल स्टीमर उभी दिसेल, ब्रिटनमध्ये बांधलेली अशा जातीची शेवटची मोठी बोट, स्वयंसेवक तिची दुरुस्ती करतायत. बॅलखहून बालमहाला बसही जाते पण फेऱ्या कमी, परतीची बस आधी बघून ठेवा आणि मगच निघा.

उत्तरेकडचं अरुंद, डोंगरांमधलं लोमंड बघायचं असेल तर टार्बेटहून बोट घ्या, ग्लासगोच्या ब्युकॅनन बस स्टेशनवरून फोर्ट विल्यम किंवा ओबनकडे जाणाऱ्या बस लस, टार्बेटला थांबतात. लस गाव फोटोत फार गोड दिसतं, आहेही गोड, स्लेटच्या खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या कामगारांसाठी बांधलेली ती बैठी घरं, आता दारात गुलाब. पण ती लोकांची राहती घरं आहेत आणि दिवसभर त्यांच्या खिडकीत कोणी ना कोणी कॅमेरा घेऊन उभं असतं, म्हणून रस्त्यावरून बघा, अंगणात शिरू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे पाय ठेवायला जागा नसते.

हवामान. मे आणि जून हे इथले त्यातल्या त्यात कोरडे महिने, आणि जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे घाई करायचं काहीच कारण नाही. तरी पाऊस धरूनच चला. पाऊस आला म्हणून ट्रिप फुकट गेली असं समजू नका, पावसानंतर अर्ध्या तासात डोंगरावरून ढग उठतात तेव्हा जे दिसतं ते स्वच्छ उन्हात दिसत नाही. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचं रेनजॅकेट घ्या, आईंना साडीवर घालायचं असेल तर गुडघ्याखाली येणारं लांब घ्या, आणि पायात पकड असलेले बूट, मोज्यांचा एक जोड जास्तीचा. बोटीच्या वरच्या डेकवर जूनमध्येही कानटोपी लागते.

चिलटं. इथे मिजेस म्हणतात, मेच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त. डोळ्याला दिसतील न दिसतील एवढी, पण ढगाने येतात आणि केसांत, कानांत, मनगटावर चावतात. वारा नसेल, हवा दमट असेल आणि सकाळ-संध्याकाळ असेल तेव्हा त्यांचं राज्य. वाऱ्याची झुळूक आली की गायब होतात, भर उन्हात कमी असतात, पाण्यात बोटीवर नसतातच म्हणा. म्हणून झाडीतलं फिरणं दुपारी आणि संध्याकाळी उघड्या, वाऱ्याच्या काठावर बसणं असा क्रम ठेवा. स्मिज नावाचा स्प्रे इथल्या कुठल्याही दुकानात मिळतो, लावा. दुसरं म्हणजे गोचीड, उंच गवतात आणि नेच्यांमध्ये असते, तिच्यापासून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. मुलाला फुलपँट घाला, घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत, कमरेला बघा, चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत गोल लाल चट्टा वाढताना दिसला तर लगेच डॉक्टर.

आता पाण्याबद्दल, आणि हे मी कळकळीने लिहितोय. उन्हाच्या दिवशी लसच्या किंवा बॅलखच्या काठावर मुलं पाण्यात खेळताना दिसतील, तुमच्या मुलालाही उतरावंसं वाटेल. काठाला घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहू दे, त्यापुढे नको. या तळ्याचा तळ उताराने खोल होत नाही, बऱ्याच जागी एका पावलात कंबर आणि पुढच्या पावलात काहीच नाही. वरचं हातभर पाणी उन्हाने कोमट लागतं, खालचं अंगावर काटा आणणारं गार असतं, त्या धक्क्याने माणूस नकळत मोठा श्वास ओढतो आणि नाकातोंडात पाणी जातं, पोहणाऱ्यालासुद्धा हात हलवता येत नाहीत. जुलै 2021 मध्ये लागोपाठ दोन दिवसांत इथे चार जणांचा जीव गेला, त्यात एक नऊ वर्षांचं मूल होतं. पाण्याचा रंग पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे कोऱ्या चहासारखा असतो, त्यामुळे खोली बघून कळत नाही. कयाक किंवा पॅडलबोर्ड करायचं तर भाड्याने देणाऱ्यांकडूनच, लाइफ जॅकेट घालून. कोणी बुडताना दिसलं तर मागून उडी मारायची नाही, 999 या आपत्कालीन नंबरला फोन, ओरडून त्याला पाठीवर तरंगायला सांगायचं, आणि काठावर अडकवलेली रिंग असते ती टाकायची.

खाण्याचं. आई-बाबा शाकाहारी असतील असं धरून लिहितो. कॅफेत लेंटिल सूप दिसलं की आपल्याला डाळीचं म्हणून हायसं वाटतं, पण इथे ते पारंपरिक पद्धतीने डुकराच्या मांसाचं हाड घालून उकळतात, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नका. चिप्स कुठल्या तेलात तळल्यात तेही विचारा, काही ठिकाणी माशाचं आणि बटाट्याचं तेल एकच असतं, काही ठिकाणी चक्क जनावराची चरबी. व्हेज हॅगिस बऱ्याच ठिकाणी मिळतो, ओट्स, डाळी, मिरपूड, आमच्याकडच्या पाहुण्यांना बहुतेक आवडतो. स्कोन (छोटा गोल पाव) आणि जॅम चालेल पण अंडं खात नसाल तर ते विचारावं लागेल. टॅबलेट नावाची साखर-लोणी-कंडेन्स्ड मिल्कची वडी मिळते, ती जरूर घ्या. आणि दुपारचं मुख्य जेवण घरून नेलेलंच बरं, दशम्या, धपाटे, लोणचं, थर्मासमध्ये चहा. काठावर बसून खाल्लेलं सगळ्यांना आवडतं हा माझा अनुभव आहे. शेगडी पेटवू नका, गवत आणि पीट दोन्ही जळतात. स्वच्छतागृहं बॅलख, लस, बालमहाला आहेत, मधल्या रस्त्यावर भरवसा नाही, त्यामुळे प्रत्येक थांब्यावर आई-बाबांना जाऊन यायला सांगा.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने कुणालाही जबाबदारीने मोकळ्या जमिनीवर, पाण्यावर फिरायचा हक्क आहे, म्हणजे शेताचं फाटक उघडून पायवाटेने जाता येतं, फक्त ते होतं तसं बंद करायचं आणि मेंढ्यांच्या मधून जायचं नाही. तंबू टाकायचा विचार पुढेमागे केलात तर लक्षात ठेवा, लोमंडच्या बऱ्याच काठांवर 1 मार्च ते 30 सप्टेंबर परवाना लागतो.

मी तुमच्या जागी असतो तर गाडी घेऊन असा दिवस केला असता: नऊ-साडेनऊला बालमहा, पहिल्या-दुसऱ्या फेरीने इंचकाइलख, तिथेच डबा, दोनच्या सुमारास परत, चहा. मग ड्रिमेनवरून गार्टोखार्नला, तिथे डनक्राइन नावाची 142 मीटरची एक गोल टेकडी आहे, पंधरा-वीस मिनिटांची चढण, पूर्ण दक्षिण लोमंड आणि मागचे सगळे डोंगर दिसतात. बाबांचे पाय ठीक असतील तर ते चढतील, गाड्या लावायला जागा अगदी थोडी आहे. शेवटी बॅलख कॅसल पार्क, उन्हं उतरेपर्यंत. गाडी नसेल तर लोकल, बॅलखची क्रूझ, पार्क, एवढंच, पूर्ण दिवस आनंदात जातो.

उरलेला अर्धा दिवस मिळाला आणि गाडी असली तर लॉख कॅट्रिन. आईंसाठी तर ते लोमंडपेक्षाही सोपं आहे. अ‍ॅबरफॉइल गावावरून डोंगरातून रस्ता जातो, ग्लासगोहून सव्वा तास धरा. तिथे सर वॉल्टर स्कॉट नावाची वाफेवरची बोट आहे, 1899 ची, बांधली डम्बार्टनला, मग तिचे भाग सुटे करून तराफ्यावरून लोमंडभर ओढत इन्व्हरस्नेडला नेले, तिथून घोडागाड्यांनी डोंगर चढवून कॅट्रिनच्या काठावर परत जोडली. आत इंजिन चालताना वरून बघता येतं, बाबा आणि मुलगा तिथून हलणार नाहीत. आणि ग्लासगोत तुम्ही नळाचं पाणी पिताय ते बहुतेक याच तळ्याचं. 1832 आणि 1848-49 च्या कॉलराच्या साथींनी शहर होरपळलं होतं, मग बोगदे आणि पाट खोदून चाळीसेक किलोमीटरवरून, नुसत्या उताराने पाणी आणलं, 1859 मध्ये व्हिक्टोरिया राणीने ते सुरू केलं. काठाचा रस्ता डांबरी आहे आणि बाहेरच्या गाड्यांना बंद, त्यामुळे आईंना हात धरून कितीही चालता येतं, व्हीलचेअरही जाते, सायकली भाड्याने मिळतात.

बोटीची तिकिटं जूनमध्ये आधी ऑनलाइन काढा, ज्येष्ठांची आणि कुटुंबाची वेगळी तिकिटं असतात ती बघा. बेटाच्या फेरीला मात्र सकाळचा फोनच. आणि आई-बाबांची औषधं गाडीत न ठेवता हातातल्या पिशवीत घ्या, बेटावर गेल्यावर गाडी काठावर असते.